रूळ कोणासाठी?

१८५६ साली कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत रूळ पडले ते इथल्या माणसांसाठी नव्हे. घाटापलीकडचा कापूस बंदरावर न्यायचा होता. पुढे बोरघाट फोडताना हजारो मजूर मेले.

कल्याण कॅम्प ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडले. अंबरनाथला कारखाने आले, मागोमाग बदलापूरपर्यंत चाळी. माणसे आधी आली. त्यांच्या येण्याजाण्याचा विचार फार उशिरा. नवी मुंबईचे मात्र उलटे झाले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने शहर आधी कागदावर आखले, मानखुर्द-वाशी रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटाही उचलला. गाडी १९९२ साली धावली. तेथे जमीन विकून पैसा उभा राहणार होता. बराकींतून कसला पैसा?

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर झाली २०१९ साली! तोवर मेल, मालगाडी, लोकल यांना दोनच रूळ. दीर्घकालीन नियोजन म्हणतात ते हेच असावे.

ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आली. तिचे भाडे साध्या पासवाल्याला परवडणारे नव्हते. बदलापूरचे प्रवासी फलाटावरच जाब विचारू लागले आणि मध्य रेल्वेने दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. माझ्या वर्गातील एका मुलीची आई त्याच साध्या गाडीने धुणीभांड्याच्या कामावरून परतते. आराखडा करताना तिला कोणी विचारले नव्हते.