नवसाचे रुग्णालय आणि गावचा डॉक्टर

अशक्यप्राय संकटात संत ज्यूडचा धावा करण्याची आपल्या घरांतली रीत जुनी आहे. त्याच संताच्या नावाने अमेरिकेतील मेम्फिस शहरात ४ फेब्रुवारी १९६२ रोजी मुलांचे एक रुग्णालय उघडले. डॅनी थॉमस या लेबनीज वंशाच्या कॅथोलिक विनोदी नटाने हालाखीच्या दिवसांत संत ज्यूडचे मंदिर उभारण्याचा नवस केला होता. पुढे शिकागोचे कार्डिनल स्ट्रिच यांच्या सल्ल्याने मेम्फिसची निवड झाली आणि मंदिराऐवजी रुग्णालय उभे राहिले. वर्णभेदाच्या त्या काळात तेथे गोऱ्या व काळ्या मुलांवर एकत्र उपचार होत.

नवसाची ही कथा आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितली. मात्र रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांचे नाव आमच्या तोंडून कधी निघाले नाही. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि तरुणपणी स्वतः पोलिओशी झुंजले होते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातून त्या वेळी शंभरात जेमतेम चार वाचत. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी सोळा मुलांना अमिनॉप्टेरिन दिले, तेव्हा दहांना उतार पडला. पण तो टिकला नाही. (हे औषध ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले, हे आपल्याला ठाऊक असावे.) पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र योजली, मेंदू व मज्जारज्जूभोवती दडून राहणाऱ्या पेशींवर स्वतंत्र उपचार केले आणि मूल बरे दिसू लागले तरी औषधे सुमारे तीन वर्षे चालू ठेवली. १९६७-६८ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पाचव्या प्रयोगातील निम्मी मुले बरी झाली.

तीन वर्षे! एवढा काळ कोणते मूल रुग्णालयात राहील? ते घरी येते, गोळ्या घेते, शाळेत जाते. त्याच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती कमी असते. शेजारच्या मुलाच्या कांजिण्याही त्याच्या जिवावर बेतू शकतात. रात्री ताप चढला तर दार ठोठवायचे ते जवळच्या बालरोगतज्ज्ञाचे. पहिली शंकाही बहुधा त्यालाच यावी लागते. फिकटपणा, न हटणारा ताप, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, रात्री दुखणारी हाडे ही लक्षणे शंभर साध्या आजारांतही दिसतात. त्यांतले वेगळे मूल ओळखायचे आणि वेळेवर रक्त तपासायला पाठवायचे, ही त्याची परीक्षा.

आमच्या एका जुन्या धर्मग्रामात एक आई सात वर्षांच्या फिकटलेल्या मुलाला आशीर्वादासाठी घेऊन आली. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांना निरोप दिला. डॉक्टरला दाखवलेत का, एवढेही विचारले नाही. पुढे तीन आठवड्यांनी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाने मानेतल्या गाठी चाचपल्या, त्याच दिवशी रक्त तपासून घेतले आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून त्याला परळच्या टाटा रुग्णालयात धाडले. ते तीन आठवडे आमच्या मनातून जात नाहीत.

१९४१ पासून देशभरातून लोक परळला येत आहेत. दूरच्या मुलांच्या निवाऱ्यासाठी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूडच्याच नावाने संस्था निघाली. या कुटुंबाची अडचण निराळी होती. सहा महिन्यांत मुलगा टुणटुणीत झाला, आणि आजी म्हणाली, “पुरे आता त्या गोळ्या, पोर बरं झालंय.” घरात पैसाही उरला नव्हता. ठरल्या दिवशी मूल तपासणीला आले नाही, तेव्हा तालुक्याचे डॉक्टर दवाखाना बंद करून स्कूटरवरून घरी आले आणि ओट्यावर बसून आजीशी तासभर बोलले. त्या वेळी आम्हीही तेथे होतो. बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. दुसऱ्या सोमवारी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

उपचार संपून आता अकरा वर्षे झाली. औषधांचा हृदयावर काही परिणाम राहिला आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर त्याला दरवर्षी बोलावून घेतात. मुलांसाठी केलेल्या त्या बुटक्या बाकावर तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो.