चिकित्सा-मानसशास्त्रीय प्रशिक्षण : मूल्यमापन व तक्रारनिवारण

मानसिक व्याधींचे निदान, मनोमापन व मनोपचार करण्यास योग्य असा तज्ज्ञ घडविण्यासाठी अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली जे रुग्णसेवाधिष्ठित प्रशिक्षण दिले जाते, त्यातील प्रशिक्षणार्थीची पात्रता ठरविण्याची आणि त्या निर्णयाविरुद्ध अथवा मिळालेल्या वागणुकीविरुद्ध त्यास दाद मागता येण्याची व्यवस्था. भारतात या प्रशिक्षणाचा पाया १९५५ मध्ये बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत (आजची निम्हान्स) सुरू झालेल्या पदविकेने घातला. पुढे भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी बंधनकारक झाली. नोंदणीवाचून व्यवसाय करता येत नसल्याने, पर्यवेक्षकाच्या एका प्रतिकूल शेऱ्याने उमेदवाराची अनेक वर्षांची तपश्चर्या अडू शकते, आणि अपात्र उमेदवारास दाखविलेल्या दयेचे मोल मात्र पुढे रुग्णास द्यावे लागते.

मूल्यमापन नियतकालिक व अंतिम अशा दोन टप्प्यांनी होते. अंतिम परीक्षेत लेखी उत्तरपत्रिका, प्रबंधिका, प्रत्यक्ष रुग्णतपासणी व बहिःस्थ परीक्षकासमोरील तोंडी परीक्षा यांचा समावेश असतो. परंतु खरी पारख दैनंदिन कामातच होते. येथे एक मोठी अडचण उद्‍भवते ती अशी की, मनोपचार बंद दाराआड चालत असल्यामुळे पर्यवेक्षकाच्या कानी पडते ते रुग्णाचे बोलणे नव्हे, तर प्रशिक्षणार्थीने केलेले त्याचे कथन. आणि जो कथनात कुशल तो उपचारातही कुशल असेलच असे नाही. म्हणूनच रुग्णाच्या संमतीने प्रत्यक्ष निरीक्षण अथवा ध्वनिमुद्रण केल्याशिवाय दिलेले गुण अपुऱ्या पुराव्यावरचे मानावे लागतात. उणीव आढळताच ती लेखी कळविली जाणे, सुधारणेस मुदत मिळणे व त्या मुदतीअखेर फेरतपासणी होणे हा उमेदवाराचा हक्क आहे. वर्षअखेरीस अकस्मात दिलेला प्रतिकूल शेरा हे पर्यवेक्षकाच्याच कर्तव्यच्युतीचे लक्षण होय.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात मूल्यमापनाचा हा प्रश्न विशेष स्वरूप धारण करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा व उमरगा या भागांवर कोसळलेला शोक, वारंवारचे अवर्षण आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या (ज्यांच्या प्रतिबंधासाठी २०१५ मध्ये यवतमाळबरोबर याच जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान सुरू झाले) यांमुळे येथील मानसिक आरोग्याचे कार्य रुग्णालयाच्या भिंतींत मावणारे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका अशी मोजकीच पदे असतात. अशा ठिकाणी क्षेत्रकार्यास येणाऱ्या उमेदवाराचा पर्यवेक्षक, वरिष्ठ व परीक्षक ही एकच व्यक्ती होण्याचा संभव असतो. शिवाय उमरग्याच्या सीमाभागात मराठीसह कन्नड व दखनी कानी पडते. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर धारवाडात १९३० च्या दशकात सिद्ध केले, ते अशा बहुभाषिक भागास उपयोगी पडणारे आहे. असे असता, शहरी रुग्णालयासाठी आखलेल्या गुणतक्त्याने वस्तीवरच्या मुलाखतीचे मोल ठरविणे अन्यायाचे होय. घराच्या ओसरीवर, शेजाऱ्यांच्या वर्दळीत, गोपनीयता राखून घेतलेली मुलाखत ही स्वतंत्र कौशल्याची कसोटी आहे.

तक्रारनिवारणाचे पहिले तत्त्व असे की, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दफ्तरी अर्ज पडून राहू नये. विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार विद्यार्थी-तक्रारनिवारण समितीने १५ कार्यदिनांत अहवाल द्यावयाचा असतो व त्यावर लोकपालाकडे अपील करता येते. केवळ गुण कमी पडले म्हणून लोकपाल फेरमूल्यांकनाचा अर्ज ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता अथवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणून प्रशिक्षणार्थीने पर्यवेक्षणाच्या तारखा व मिळालेले अभिप्राय यांची नोंदवही काटेकोर ठेवणे अगत्याचे. लैंगिक छळाची तक्रार मात्र २०१३ च्या कायद्यान्वये नेमलेल्या अंतर्गत समितीकडेच जाते. अमेरिकेत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता घेणाऱ्या संस्थांना असे सर्व नियम उमेदवारास आरंभीच लेखी द्यावे लागतात. रुग्णालये स्वतःच्या अधिकारात अधिछात्रवृत्ती देतात तेथे आपल्याकडेही हा दंडक पाळला जाणे अत्यावश्यक आहे.

चौकशीत रुग्णाचे कागद पुरावा म्हणून पुढे येतात तेव्हा, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णास दिलेल्या गोपनीयतेच्या हक्कास अनुसरून, नाव, गाव व ओळख पटविणारा प्रत्येक तपशील झाकावा लागतो. लहान गावात व्यवसाय आणि आडनाव एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. निकाल लागेपर्यंत उमेदवारास दूर ठेवावे लागले, तर त्याच्या रुग्णांचा उपचार खंडित न होता दुसऱ्या तज्ज्ञाकडे सोपविण्याची जबाबदारी संस्थेवर राहते, आणि हा बदल रुग्णास आगाऊ सांगावा लागतो.