नगर रस्त्यावरची जीप: जुन्या चारचाकी-चालनाच्या गाड्यांचा दुरुस्ती-इतिहास

पुणे–नगर रस्त्यावर नगरपासून सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे वसलेले पारनेर तालुक्यातील सुपा आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि भोवतालच्या डोंगरमाथ्यांवरील पवनचक्क्यांमुळे ओळखले जाते. शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे ते बारामती तालुक्यातले, हे नव्हे. मोटारगाडीच्या इतिहासात मात्र या गावाचे महत्त्व त्याच्या जागेमुळे आहे, कारण त्याच्या एका बाजूला नगरची लष्करी छावणी आहे, दुसऱ्या बाजूला पिंपरी-आकुर्डीचे वाहन कारखाने आहेत आणि दोहोंच्या मध्ये पावसाची कायम ओढ असलेले मुरमाड, खडकाळ पठार पसरले आहे. जुन्या, चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्या हौसेने सांभाळणे, त्यांत बदल करणे आणि त्या रस्ता सोडून रानात घालणे हा छंद ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत जुन्या सुबारू गाड्यांभोवतीही वाढला. महाराष्ट्रात तो जीपभोवती वाढला. या फरकाचे कारण आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा सुट्या भागांच्या आणि कारागिरांच्या इतिहासात शोधले पाहिजे.

सामान्य मोटारीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके चिखलात किंवा सुट्या मुरमात फिरू लागली की गाडी जागीच रुतते. चारचाकी-चालनाच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘फोर बाय फोर’ गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची दुसरी पेटी असते, जी ताकद पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये वाटते आणि ‘लो’ हा दांडा टाकल्यावर वेग कमी करून चाकांवरील जोर सुमारे दोन ते अडीच पटीने वाढवते. जुन्या जीपचे दोन्ही धुरे अखंड पोलादी असून ते पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसवलेले असतात. बसणाऱ्याला यामुळे हादरे बसतात. पण मोडलेला पाटा कोणताही लोहार किंवा ट्रकचा फिटर बदलू शकतो, आणि या एका गोष्टीने जीपचे आयुष्य कित्येक दशकांनी वाढवले.

जीपचा जन्म युद्धातला आहे. अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांपैकी अनेक भारतात उरल्या. युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या खरेदी मंडळाचे काम पाहणाऱ्या कैलासचंद्र महिंद्र यांनी ही गाडी तेथेच पाहिली होती. १९४५ मध्ये जगदीशचंद्र महिंद्र व गुलाम मोहम्मद यांच्यासह त्यांनी कंपनी स्थापली, फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे या कंपनीने उंच बोनेटची ‘सीजे-३बी’ स्वीकारली. बोनेटची ही उंची शोभेची नव्हती, तर झडपांची नवी मांडणी असलेले उंच ‘हरिकेन’ इंजिन आत मावावे म्हणून ती ठेवली होती. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, परंतु भारतात त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिल्या. सुट्या भागांचा पुरवठा अखंड राहिला तो यामुळे, आणि महाराष्ट्रातील जीपछंदाचा खरा पाया हाच पुरवठा आहे.

नगरचा वाटा येथे सुरू होतो. चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा स्वातंत्र्यानंतर नगरला स्थिरावली. फाळणीमुळे रावळपिंडीजवळच्या चकलाला येथून नगरला आलेल्या लष्करी वाहन-तपासणी संस्थेतून आजची वाहन संशोधन व विकास संस्था घडली. सैन्याची गाडी ठरावीक सेवेनंतर मोडीत निघते व लिलावात विकली जाते, आणि अशी ‘डिस्पोजलची गाडी’ छावणीच्या शहरांतील गॅरेजवाल्यांचा मोठा आधार ठरली. जीपखेरीज या मार्गाने ‘जोंगा’ आली, जी निस्सानच्या परवान्याखाली जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षे बनत होती आणि जिचे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन खासगी मालकाच्या खिशाला मुळीच परवडणारे नव्हते. लष्करी गाड्यांबरोबर लष्करी हातही आले. पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यातून सैन्यात जाण्याची वाट जुनी आहे. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात वाहनचालकच होते. सैन्यात गाडी चालवायला शिकलेला माणूस तिची दैनंदिन निगाही शिकतो, आणि निवृत्तीनंतर हे ज्ञान गावाकडे येते.

याच रस्त्यावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस नगर आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. एसटीच्या आगारांनी व दापोडीच्या कार्यशाळेने पुढील काळात फिटर, वेल्डर आणि डिझेल मिस्त्री यांच्या पिढ्या घडवल्या. नगरच्याच फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली व तिच्या मॅटॅडोर आणि ट्रॅक्स या गाड्या आकुर्डीच्या कारखान्याशी जोडल्या गेल्या. त्याच घराण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना नगरमध्ये बनू लागली. वरवर पाहता या गोष्टींचा जुन्या जीपशी संबंध दिसत नाही, परंतु जीपचे पुढचे सारे आयुष्य याच कारागिरीवर व याच इंजिनांवर उभे राहिले.

हे पुढचे आयुष्य म्हणजे डिझेलीकरण होय, आणि या इतिहासाचा तो गाभा आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणारी जीप शेतकऱ्याला, ठेकेदाराला किंवा दूधसंस्थेला परवडेनाशी झाली, तेव्हा तिचे मूळ इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा गावोगावी रूढ झाली. कोणी ट्रॅक्टरच्या कुळातले इंटरनॅशनल इंजिन घेतले, कोणी पर्किन्स, कोणी अपघातात मोडलेल्या मॅटॅडोरचे, तर महिंद्रने प्यूजोच्या परवान्याखाली २.१ लिटरचे डिझेल इंजिन बनवायला घेतल्यावर कोणी तेही. काम दिसते तितके सोपे नव्हते. नव्या इंजिनाचे तोंड जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये लेथवर कातलेली जाड पोलादी पाटी घालावी लागते आणि तिच्या मध्यात केसभर फरक राहिला तरी क्लच व बेअरिंग लवकर खराब होतात. डिझेल इंजिन वजनाने जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवावे लागते. त्याचे हादरे अधिक, म्हणून चेसिसवर नवी बैठक जोडून रबरी गाद्या बदलाव्या लागतात. सर्वांत सूक्ष्म प्रश्न धुऱ्यातील दातेरी चक्रांचा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील ‘क्राउन-पिनियन’चा होता. सीजे-३बी जीपमध्ये शाफ्टचे ५.३८ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो, जे वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला मानवते. डिझेल इंजिन मुळात सावकाश फिरते, त्यामुळे गाडीला चढण सहज जमते पण सरळ रस्त्यावर तिचा वेग लवकर संपतो. जाणता मिस्त्री म्हणून इंजिनाबरोबर क्राउन-पिनियनही बदलत असे आणि अर्धवट जाणता ते तसेच ठेवत असे. या ज्ञानाची पुस्तके निघाली नाहीत. ते गॅरेजात उस्तादाकडून पोऱ्याकडे हातांनी गेले, आणि अभियांत्रिकीच्या इतिहासकारांनी त्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१९८० व १९९० च्या दशकांत जीप ग्रामीण महाराष्ट्राची सार्वजनिक गाडी होती. तहसीलदार, गटविकास अधिकारी, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीचा प्रचार आणि लग्नाचे वऱ्हाड यांच्याबरोबरच वडाप नावाने ओळखली जाणारी प्रवासी वाहतूकही तिच्यावर किंवा ट्रॅक्सवर चाले. वडापच्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांचे चालन नसे, आणि ज्यांना होते त्यांचेही डिझेल वाचवण्यासाठी काढून टाकले जाई. रस्ते सुधारले, नव्या बंद गाड्या आल्या, आणि कामाची जीप बाजूला पडली तेव्हाच ती छंदाची वस्तू झाली. काढून टाकलेले पुढचे धुरे आणि ट्रान्सफर केस भंगारबाजारातून शोधून पुन्हा बसवणे हे नव्या हौशी मालकाचे पहिले काम ठरले. डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी हलकी व पेट्रोलवर चालणारी असल्याने या छंदात जीपच्या शेजारी येऊन बसली आणि सैन्यानेही ती स्वीकारल्यामुळे तिचे भागही लिलावातून मिळत राहिले.

सुबारूची भारतातील कथा याच्या नेमकी उलट आहे. विमानबांधणीच्या परंपरेतून आलेल्या या जपानी कंपनीने १९६६ मध्ये ‘बॉक्सर’ इंजिन, म्हणजे ज्यात दट्टे उभे न चालता आडवे, समोरासमोर चालतात असे बसके इंजिन, आपल्या मोटारीत आणले आणि १९७२ मध्ये लिओनी या कौटुंबिक गाडीला चारचाकी-चालन दिले. जड जीपऐवजी हलक्या घरगुती मोटारीने कच्च्या वाटा तुडवता येतात हे त्यातून सिद्ध झाले, आणि ऑस्ट्रेलियातील हौशी मालक अशा जुन्या गाड्यांची उंची वाढवून त्या रानात नेऊ लागले. जनरल मोटर्सचा पुढे काही काळ सुबारूच्या मूळ कंपनीत वाटा असल्यामुळे सुबारूची फॉरेस्टर भारतात जनरल मोटर्सच्या शेव्हरोले या नावाने थोडी वर्षे विकली गेली. ती उत्तम गाडी होती. परंतु ती जपानहून तयार येत होती, तिचे भाग येथे बनत नव्हते, तिची लष्करात भरती झाली नव्हती. आणि वाटा विकला गेल्यावर व २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतातील विक्रीच थांबवल्यावर तिच्या मालकांना साध्या भागासाठीही परदेशाकडे पाहावे लागले. तिची चारही चाके स्वतंत्र सांध्यांवर बसलेली असल्याने उंची वाढवली की सांध्यांचे कोन बिघडतात, आणि ते काम लोहाराच्या भात्यावर होणारे नाही. गाडीची यांत्रिक श्रेष्ठता तिला छंदाच्या इतिहासात जागा मिळवून देत नाही. तिच्यामागे भंगारबाजार, लेथ आणि मिस्त्री असावे लागतात.

अलीकडे या छंदाला संघटित रूप आले आहे. महिंद्रने इगतपुरीजवळ रस्त्याबाहेरील वाहनचालनाचे प्रशिक्षण केंद्र काढले, २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरू लागली आणि २०१० व २०२० मध्ये आलेल्या महिंद्रच्याच ‘थार’ या गाडीच्या दोन पिढ्यांनी तरुण लोक त्याकडे ओढले. पारनेरच्या पठारावरील घाट, ओढ्यांचे कोरडे पात्र आणि बेसॉल्टचे उघडे कातळ अशा गाड्यांना योग्य असले, तरी निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे आणि गावकऱ्यांची गायराने ही चाकांखाली घालण्याची ठिकाणे नाहीत, एवढे भान प्रत्येक हौशी चालकाने ठेवलेच पाहिजे.

कायद्याची बाजू मात्र असमाधानकारक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ मूळ नमुन्यात बदल करण्यास मनाई करते, आणि वाहनांना मान्यता देणाऱ्या संस्थांमध्ये नगरची वाहन संशोधन व विकास संस्थाही आहे. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. परंतु २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वारसा-वाहन म्हणून ‘व्हीए’ क्रमांक देण्याचे नियम केले तेव्हा चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच पात्र धरली. या निकषाने संग्राहकाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली जीप वारसा ठरते, आणि पन्नास वर्षे शेतमाल, रुग्ण व मतपेट्या वाहून नेण्यासाठी जिच्यात १९७० च्या दशकात डिझेल इंजिन बसवले गेले ती ठरत नाही. महाराष्ट्रातील जीपचा इतिहास हा प्रामुख्याने त्या दुसऱ्या गाडीचा इतिहास आहे. म्हणून केंद्राने या नियमांत त्या काळी झालेल्या व नोंदणीपुस्तकात चढवलेल्या इंजिनबदलांना मान्यता द्यावी, आणि नगरच्या रणगाडा संग्रहालयाशेजारी, हे बदल करणारे गॅरेजवाले हयात आहेत तोवर, त्यांच्या हातच्या कामाची नोंद करण्याची व्यवस्था राज्य शासनाने करावी.