कंबर म्हणजे नेमकं कुठे? खुबा, मणका आणि एका शब्दाचा घोळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे कंबरदुखी. ऐकून लगेच पुढे ढकलू नका, कारण हा इतिहासाचाच भाग आहे, आणि सुरुवात माझ्या घरापासून होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, घर घाटंजीला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी गेलो, तर एक गोष्ट डोळ्यात भरली. बाबा मोटरसायकल अंगणात न लावता ओट्याला लागून लावत होते. ओट्यावर चढायचं आणि तिथून गाडीवर बसायचं. उजवा पाय सीटवरून पलीकडे जातच नव्हता. विचारलं तर ठरलेलं उत्तर: "कंबर दुखून राह्यली रे, बाकी काही नाही."

ही "कंबर" पाच वर्षं दुखत होती. पट्टा झाला, तेल झालं, शेक झाला, गोळ्यांची तर गणतीच नाही. एमआरआय दोनदा झाला आणि दोन्ही वेळा रिपोर्टमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यातली गादी सरकल्याचं लिहिलं होतं. एका ठिकाणी मणक्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली होती. सही करायच्या आधी अजून एक मत घ्यावं म्हणून आम्ही नागपूरला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली. बाबांना आधी चालायला सांगितलं. मग म्हणाले, "काका, कुठे दुखतं ते हातानं दाखवा." बाबांनी अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेकडे, असा पंजा कमरेच्या बाजूला आवळून धरला. डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवलं, उजवा गुडघा वाकवला आणि पाऊल हळूच बाहेर वळवलं. बाबा कळवळले. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचा खुबा झिजलाय. कंबर त्याच्या मागून दुखतेय."

पाच वर्षं शब्द सांगत होता कंबर, आणि हात दाखवत होता खुबा. आम्ही सगळ्यांनी फक्त शब्द ऐकला.

नागपूरहून परत येताना डोक्यात एकच प्रश्न होता: एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं निसटते कशी? शोधत गेलो तेव्हा कळलं, की हा गोंधळ फक्त आमच्या घरचा नाही. तो किमान दोन हजार वर्षं जुना आहे.

एकच शब्द, दोन जागा

आपल्याकडे "कंबर" या शब्दात काय काय येतं बघा. पाठीचा खालचा भाग येतो, माकडहाड येतं, कुल्ल्याचा वरचा भाग येतो, बाजूचं हाड येतं. खुबा, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा ओटीपोटाच्या हाडातल्या खोबणीत बसतो तो सांधा, असतो जांघेच्या आत खोलवर. बाहेरून तो दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून रोजच्या बोलण्यात त्याला वेगळी जागाच नाही. "हिप" म्हटलं तर लोक भलतीकडेच हात दाखवतात.

असंच बाकीच्यांचंही झालं. कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला इंग्रजीत "सायाटिका" म्हणतात. त्याचं मूळ ग्रीक शब्दात आहे आणि त्या शब्दाचा अर्थ चक्क खुबा. जुन्या युरोपात खुब्याचं दुखणं आणि मणक्यातून निघणारी नसेची कळ एकाच नावाखाली जात होती. आपल्या आयुर्वेदात त्या कळेला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. चरकसंहितेत ही वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत उतरते, असं वर्णन आहे. वाट अचूक टिपलेली आहे, पण उगम सांध्यात की नसेत, हा प्रश्न तेव्हाच्या साधनांनी सुटणारा नव्हता.

तो पहिल्यांदा नीट वेगळा केला इटलीतल्या नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या डॉक्टरनं, १७६४ साली. त्यानं लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहून सांगितलं, की हे दुखणं दोन प्रकारचं असतं: एक सांध्याचं, एक नसेचं. आज सोपं वाटतं, पण एका शब्दाचे दोन शब्द करायला इतका काळ लागला.

लिव्हरपूलचा हाडवैद्य

पुढचा माणूस माझा सगळ्यात आवडता. ह्यू ओवेन थॉमस. वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. आपल्याकडे हात-पाय मोडला की अजून पुष्कळ लोक आधी हाडवैद्याकडे जातात, तसंच त्याच्या वडिलांकडे लोक यायचे. थॉमस मात्र रीतसर डॉक्टरकी शिकला, लिव्हरपूलमध्ये नेल्सन स्ट्रीटवर घरातच दवाखाना चालवला आणि दर रविवारी गरिबांना फुकट तपासलं.

त्याच्या नावाची एक चाचणी आजही प्रत्येक हाडाच्या डॉक्टरला शिकवतात. त्यानं सांध्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं ते १८७५ च्या सुमाराचं. त्यानं पाहिलं, की खुबा आजारी असला तर तो पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकलेलाच राहतो. पण रुग्ण उताणा झोपला की दोन्ही पाय सरळ दिसतात. हे कसं? तर कंबर पुढे कमान करते आणि खुब्याचा वाक लपवून टाकते. मग थॉमसनं काय केलं? चांगल्या पायाचा गुडघा छातीशी दाबून धरायचा. कमरेची कमान सपाट होते आणि आजारी पायाची मांडी आपोआप टेबलावरून वर उचलली जाते. चोरी पकडली!

आपल्या विषयाचं मर्म इथेच आहे. खुबा जे करू शकत नाही, ते कंबर त्याच्या वतीनं करते. पाऊल मागे टाकताना खुबा उलगडत नाही, म्हणून कंबर जास्त कमान करते. वळताना खुबा फिरत नाही, म्हणून मणका फिरतो. पाय किंचित आखूड झाला तर ओटीपोटाचं हाड एका बाजूला कलतं आणि मणका त्याच्यावर वाकडा उभा राहतो. हे रोज हजारो पावलं, वर्षानुवर्षं. दुसऱ्याच्या वाटणीचं काम करून कंबर थकणार नाही तर काय?

त्यात अजून एक भानगड. खुब्याच्या सांध्याला संवेदना देणाऱ्या नसा कमरेच्या खालच्या मणक्यांतूनच निघतात. त्यामुळे खुब्यातून निघालेली तक्रार मेंदूला कधी जांघेतली वाटते, कधी कुल्ल्यातली, कधी थेट गुडघ्यातली. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर एरर दिसते एका फाइलमध्ये आणि बग असतो दुसरीकडे. एरर दिसली त्याच फाइलला ठिगळं लावत बसलं तर प्रोग्रॅम काही सुधारत नाही.

मग थॉमसचं म्हणणं विसरलं कसं गेलं?

१८९५ मध्ये राँटगेननं क्ष-किरण शोधले आणि हाडं दिसायला लागली. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मणक्यांमधली गादी फुटून नस दाबली जाते आणि त्यानं पायात कळ उतरते. शोध खराच मोठा होता. पण त्यानंतर कंबर-पायाच्या दुखण्यात संशयाची सुई आधी गादीकडे वळायला लागली. एमआरआय आल्यावर तर ती गादी चित्रात दिसायलाच लागली. दिसलं म्हणजे तेच कारण, असं आपलं मन धरून चालतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठीक होत्या फक्त ३६ टक्के लोकांच्या. म्हणजे रिपोर्टमध्ये गादी सरकलेली असणं आणि दुखणं तिच्यामुळेच असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबांचा रिपोर्ट खोटा नव्हता. तो अपुरा होता. मणक्याचा एमआरआय मणकाच दाखवणार, खुब्याचा साधा एक्स-रे पाच वर्षांत कुणी काढलाच नव्हता.

तुटलेला धागा परत जोडला तो १९८३ साली ऑफिअर्स्की आणि मॅकनॅब या दोन सर्जननी. त्यांनी या जोडदुखण्याला नाव दिलं: हिप-स्पाइन सिंड्रोम. त्यांनी चार प्रकार सांगितले. कधी दोन्हीकडे झीज असते, पण दुखण्याचं मूळ एकाच ठिकाणी स्पष्ट सापडतं. कधी दोन्ही दुखतात आणि वाटा कुणाचा किती ते ठरत नाही. कधी एकामुळे दुसरं बिघडतं. आणि चौथा प्रकार म्हणजे सरळ सरळ चुकीचं निदान, नको त्या जागेवर उपचार. हा चौथा प्रकार त्यांनी यादीतच घातला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे खुबा का आठवत नाही?

एक कारण असं, की वयामुळे होणारी खुब्याची झीज आशियात युरोपपेक्षा कमी आढळते. आपल्याकडे जास्त दिसतात ते गुडघे. २००० आणि २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलले गेले आणि "गुडघा बदलणं" हा शब्द गावागावात पोचला. खुब्याला अशी प्रसिद्धी कधी मिळाली नाही.

पण विदर्भात खुब्याचा विसर पडणं परवडणारं नाही. कारण सिकलसेल. १९५८ सालीच शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लॅन्सेट या नियतकालिकात आला होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधीच मोजक्या. त्या तुंबल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो, गोळा चपटा होतो आणि सांधा झिजतो. हे साठीत नाही, विशी-तिशीतसुद्धा होतं. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स आणि दारूचं व्यसन यांमुळेही हाड असंच मरू शकतं. त्यामुळे तुमच्या वयाच्या कुणाची "कंबर" दुखत असेल आणि घरात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू आहे. रक्ताची तपासणी करून घ्यायला लाजू नका.

आता दुसरी बाजू. सगळा दोष खुब्यावर टाकायचा नाहीये. बाबा आमटेंचंच बघा. त्यांचा मणका इतका झिजला होता की त्यांना बसता येत नव्हतं, एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. त्याच अवस्थेत १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. तिथे दुखणं खरोखर मणक्याचंच होतं. मुद्दा एवढाच, की दोन्हीकडे बघितल्याशिवाय ठरवू नये.

बाबांचं पुढे काय झालं?

खुबा बदलला. आजच्या या ऑपरेशनचा पाया इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये घातला: धातूचा गोळा, खास प्लॅस्टिकची वाटी आणि हाडात पक्कं बसवायला सिमेंट. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या झिजून फसल्या, तेव्हा टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघायला त्यांनी स्वतःच्या मांडीत ते टोचून घेतलं होतं!

आणि कंबर? २००७ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी खुबा बदललेल्या २५ रुग्णांचा अभ्यास छापला. मणक्याला हात न लावताही त्यांची कंबरदुखी बरीच कमी झाली होती. बाबांचंही तसंच झालं. पूर्ण गेली नाही, पण पट्टा कपाटात गेला. मांडी घालून बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय, म्हणून पंगतीत खुर्ची मागावी लागते. त्याचा त्यांना अजून राग येतो.

तर मंडळी, घरी कुणी "कंबर दुखते" म्हटलं की तीन गोष्टी विचारा. हात कुठे जातो, पाठीवर की जांघेकडे? मोजा घालता येतो का, पायाची नखं कापता येतात का? चालताना लंगडतात का? जांघेत दुखणं, लंगडणं आणि पाय आतल्या बाजूला न वळणं ही खुब्याकडे बोट दाखवणारी लक्षणं आहेत. ती डॉक्टरांना सांगा आणि "खुबा पण बघाल का?" एवढं विचारा. निदान तुम्ही करू नका, मीही करत नाही. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायातली ताकद एकदम कमी झाली किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर हा पॉडकास्ट बंद करा आणि तडक दवाखाना गाठा.

परवा बाबांना फोनवर विचारलं, गाडी कुठे लावता आता? म्हणाले, "अंगणात. ओट्याले काय काम आहे तिचं?"

भेटू पुढच्या भागात.