उभ्या माणसाची सावली

संग्रहालयातील रेखाटनाखाली चित्रकाराचे नाव असते. चित्रातल्या माणसाबद्दल बहुधा 'उभा पुरुष' एवढेच लिहिलेले असते. आपल्या इतिहासाचे दुखणे मला या दोन शब्दांत दिसते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात पेशवाईतल्या पुण्याची चित्रे आहेत. आज ती अमरावतीत बसून संगणकावर पाहता येतात. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील तेव्हा पुणे दरबारात होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स, त्याचा मदतनीस रॉबर्ट मेबन आणि पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट १७९० नंतरच्या काही वर्षांत चित्रे काढीत होते. गंगारामाने १७९५ मध्ये पर्वतीवरचा दक्षिणेचा सोहळा रेखाटला. ब्राह्मणांना दान मिळत होते आणि ते टिपत होता तांबट!

वेल्सने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे मोठे तैलचित्र रंगवले. त्यांची नावे शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. शेजारचे चाकर मात्र नुसते चाकर राहिले. ज्याला बसायला गादी, त्याला नाव. जो उभा, तो बिननावाचा.

घाईच्या रेखाटनाची रीत साधी असते. पागोट्याला दोन रेषा, खांद्याला एक, हात अर्धवट. शेवटी पायाशी थोडी सावली दिली की माणूस जमिनीवर उभा राहतो. सावली नसेल तर तो अधांतरी वाटतो.

आणि पुण्याचा कायदा काय होता? समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की, दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी महारमांगांना पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास बंदी होती. त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सावलीनेही विटाळ होतो! चित्रकार ज्या सावलीने माणसाला जमिनीवर उभा करतो, त्याच सावलीमुळे हे शहर आमच्या माणसांना वेशीबाहेर उभे करीत होते.

आमच्या वऱ्हाडात पेशव्यांचा नव्हे, निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पण उभे राहण्याचा नियम तोच. माझा आजा वेसकर. पाटलाच्या वाड्यात तो अंगणाच्या कडेला उभा राही. आजी म्हणायची, "तुहा आजा उभ्या उभ्याच बुढा झाला, बाबू." त्याचे चित्र कोणी काढले नाही.

हा नियम मोडायला माणसे जमवावी लागली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता. तेथे आमची माणसे हात जोडून उभी नव्हती. ती बसून ठराव करीत होती.

परवा वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांचा फोटो काढायला गेलो. "उभे राहा" म्हणताच त्यांनी सवयीने चपला काढल्या. मी त्यांना खुर्ची दिली, फोटो काढला आणि मागे त्यांचे, त्यांच्या आईचे आणि गावाचे नाव लिहून घेतले.

विद्यार्थी मित्रांनी आपापल्या गावात एवढे तरी करावे. येलमधल्या त्या माणसांची नावे आता मिळणार नाहीत. आपल्या म्हाताऱ्यांची अजून मिळतील.