बारदानाचा हिशेब

किराणा दुकानाच्या इतिहासाची साधने दफ्तरांत थोडी आणि शब्दांत अधिक सापडतात. पुडी, बारदान, सुटा माल हे शब्द वर्गात आले की आता त्यांचे अर्थ सांगावे लागतात. त्या वेळी केवळ शब्द नव्हे, तर एक व्यवहारपद्धतीच मावळल्याची जाणीव आम्हांला होते.

त्या पद्धतीत धान्य तागाच्या गोणीतून येई आणि रिकामी गोणी पुन्हा विकली जाई. जुन्या बारदानाचा स्वतंत्र व्यापारच होता. तेल पत्र्याच्या डब्यातून मापाने मिळे. बरणी ग्राहकाने घरून आणायची. साखरेची पुडी रद्दीच्या कागदाची, तिचा दोराही घरी गुंडाळून ठेवला जाई. यात पर्यावरणाचा विचार कोणी केला नव्हता. वेष्टनाला मोल होते, म्हणून ते फेकले जात नव्हते, इतकेच.

परंतु या स्मृतींनी गहिवरून जाणे इतिहासाला धरून होणार नाही. सुट्या मालाला भेसळीचा शाप होता. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल वेष्टनबंद स्वरूपात विकण्याचा आदेश काढला. त्याआधी १९७७ च्या नियमांनी वेष्टनावर निव्वळ वजन आणि उत्पादकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते. वेष्टनाने ग्राहकाला हक्क दिले, हे नाकारता येत नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. माल संपल्यावर वेष्टन कोणाचे? गोणी आणि डबा परतीच्या वाटेला लागत. प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेले पाउच मात्र भंगारवालाही उचलत नाही, कारण ते थर सुटे करणे परवडत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गटारे तुंबण्याचा दोष प्लास्टिकच्या पिशव्यांवरही आला आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती पुष्कळच व्यापक केली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. मात्र कारखान्यातच वेष्टनबंद होणाऱ्या मालाला सवलत राहिली. परिणामी दुकानदाराने हाती दिलेली पिशवी गुन्हा ठरली आणि त्याच दुकानात माळेने टांगलेली पाउचे कायदेशीर राहिली. साखळीतील सर्वांत लहान कडीला प्रथम धरले गेले, असे आमचे मत आहे.

कायद्याची दृष्टी उत्पादकाकडे वळलीच नाही, असे नव्हे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आणि फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यासाठी उद्दिष्टे ठरवून दिली. ती कागदावरून गल्लीपर्यंत किती पोहोचतात, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

जुन्या व्यापारात मालाच्या वजनातून बारदान वजा करीत. त्याचा हिशेब वेगळा असे. आजही आपण वेष्टनाचे पैसे मोजतोच, पण ते मालाच्या किमतीत विरून गेलेले असतात. तो हिशेब पुन्हा वेगळा मांडला जाईपर्यंत, घरून कापडी पिशवी नेणाऱ्या ग्राहकाचा सद्भाव एकटा पुरा पडणार नाही.