वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्च

पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात समुद्राकडील दरवाजापासून जवळच एक उंच दगडी मनोरा उभा आहे. तो सेंट जोसेफ चर्चचा. किल्ल्यात पोर्तुगीज काळातील अनेक चर्चचे अवशेष आहेत. त्यांपैकी फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आदी संघांची चर्च त्या त्या संघातील धर्मगुरूंची होती. सेंट जोसेफ मात्र शहराचे चर्च होते. नगरवासीयांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्याशी त्याचा संबंध होता. म्हणूनच पोर्तुगीज त्याला 'मात्रिझ', म्हणजे मातृचर्च म्हणत.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर बारा वर्षांनी, १५४६ मध्ये, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने हे चर्च उभारण्याचे ठरले. १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, त्याची पुनर्बांधणी होऊन ते विस्तारले. आज त्याला सर्रास 'कॅथेड्रल' म्हटले जाते. वस्तुतः वसईला त्या काळी स्वतंत्र बिशप नव्हता. येथील कारभार गोव्याच्या धर्मपीठाकडे होता. तेव्हा काटेकोरपणे पाहता हे कॅथेड्रल नसून धर्मग्राम चर्चच होय.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. पोर्तुगीज कुटुंबे तटाबाहेर पडली आणि या चर्चचा धर्मग्रामच नाहीसा झाला. वसई मोहिमेत हाती आलेल्या पोर्तुगीज घंटा विजयचिन्ह म्हणून देवस्थानांना वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, भीमाशंकरमधील आणि वाईजवळील मेणवलीच्या घाटावरील घंटा त्यांपैकीच मानल्या जातात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. एके काळी प्रार्थनेसाठी घणघणणाऱ्या घंटांचा नाद असा देवळांत घुमू लागला.

इमारत ओस पडली, परंतु श्रद्धा ओस पडली नाही. तटाबाहेरच्या वाड्या-पाड्यांतील स्थानिक ख्रिस्ती समाज येथेच राहिला. त्याने आपला धर्म जपला, तसाच सामवेदी बोली, शेती-बागायत आणि मराठी भाषेशी असलेला जिव्हाळाही जपला. याच परिसरातील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला, तेव्हा कॅथेड्रलचा मान तटाबाहेरील पापडीच्या चर्चला मिळाला. पोर्तुगीज अमदानीत जो दर्जा मातृचर्चला कधी लाभला नाही, तो असा गावातल्या नांदत्या चर्चला लाभला.

सेंट जोसेफचे छप्पर केव्हाच गेले आहे. दर्शनी भिंत, मनोरा, त्यातील चक्राकार जिना आणि जमिनीतील कोरीव थडग्यांच्या शिळा एवढेच शिल्लक आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तरीही पावसाचे पाणी, सांध्यांत रुजणारी पिंपळाची मुळे आणि दगडांवर नावे कोरणारे हात ही संकटे कायम आहेत. शिळांवरील पोर्तुगीज अक्षरे एकदा झिजली, की येथे कोण पुरले होते हे सांगणारा दुसरा साक्षीदार येथे उरणार नाही.

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून बस किंवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येते.